कुसुमने वळवलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पालघरला माहेरी आईला नाही. देवापुढे बसूनही नाही — त्याला ठाऊकच असणार, या सबबीवर तिथेही गप्पच राहिले. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच. ओळखीच्या माणसांत मला अजून चांगलं म्हणवून घ्यायचंय.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, बारावीला. मेंदूचा धडा माझा हातखंडा. चेतापेशी निरोप कसा नेतात-आणतात ते मी फळ्यावर असं काढते की मागच्या बाकावरची पोरंही वही उघडतात. त्या पेशींच्या अवतीभवती आधार देणाऱ्या पेशी असतात, ग्लिया म्हणतात त्यांना. त्यांच्याविषयी मी वर्षानुवर्षं एकच वाक्य सांगत आले — "त्या नुसत्या भरावाच्या. विटांमधलं सिमेंट समजा, परीक्षेला येत नाही." पोरं हसायची, पान उलटायची. मीही उलटायचे.

हे आधी सांगितलं कारण पुढे लागणार आहे. नाही, खोटं कशाला बोलू? मुद्द्यावर यायला धीर होत नाहीये, म्हणून धड्यात शिरले.

मिलिंद माझा एकुलता एक मुलगा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तो शाळेत जायच्या वयाचा झाला होता आणि एक शब्द बोलत नव्हता. हाक मारली तर वळायचा नाही. मिक्सर लावला की भिंतीवर डोकं आपटायचा. मी जवळ घेतलं की लाकडासारखा ताठ व्हायचा. स्वतःच्या पोराने असं ताठ होणं म्हणजे काय, हे ज्या आईला माहीत नाही तिने मला शहाणपण शिकवू नये. पण शिकवायला तर सगळेच पुढे. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "आई दिवसभर भायेर, पोराला माया कुटून लागंल?" एका डॉक्टरांनी तेच जरा गोड भाषेत सांगितलं. वाटायचं, खरंच माझ्यातच काही थंड असेल का?

माझं सासर माकुणसारचं. घरामागे चिकू-केळीची वाडी. नवरा बोईसरला कंपनीत पाळ्या करायचा, मी एस.टी.ने पालघर गाठायचे, आणि मिलिंद दिवसभर माझ्या धाकट्या नणंदेकडे, कुसुमकडे. कुसुमचं लग्न जमलं नव्हतं. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून वाडी तीच शिंपायची. देवता वगैरे नव्हती हं ती. तोंडाळ होती, कुणाच्या घरात काय शिजलं हे शिजायच्या आधी तिला ठाऊक असायचं, आणि माझी चांगली पावडर ती न विचारता वापरायची.

वाडी शिंपायची म्हणजे पंपाचं पाणी पाटाने सोडायचं आणि झाडाच्या बुंध्याभोवतीचं आळं भरलं, की फावड्याने त्याचं तोंड मातीने बंद करून पुढच्याचं उघडायचं. मिलिंद पाटाशी उकिडवा बसून हे बघायचा. झाडांचा क्रम त्याच्या डोक्यात पक्का होता. एक दिवस कुसुम कुंपणापलीकडच्या बाईशी गप्पा ठोकत राहिली आणि आळं भरून वाहायला लागलं. पाणी चुकीच्या वाटेने जातंय हे त्याला सोसेना. तो कासावीस झाला आणि बोलला — "वळव."

तेव्हापासून ती मुद्दाम थांबायची. आळं भरलं तरी फावडं टेकून उभी, पाय चिखलात, तोंडाला कुलूप. त्याने "वळव" म्हटलं की मगच वळवायची.

तो शब्द फुटला तो दिवस माझ्या सुट्टीचा, मी घरीच होते. कुसुम धावत आली, हात चिखलाने भरलेले. "वैनी, बोलला गं! आयकलंस? वळव बोलला!" माझ्या पोराचा पहिला शब्द. मला रडू यायला हवं होतं, नाही का? देवाला साखर ठेवायला हवी होती. मी म्हटलं, "पाणी वाया चाललंय, पंप बंद कर."

मग मी रजा काढून स्वतः फावडं घेतलं. मिलिंदने माझं मनगट धरलं, फावड्यावरून माझा हात काढला, आणि कुसुमचा हात आणून तिथे ठेवला. रागाने नाही. चुकीचं झाकण काढून बरोबर झाकण लावावं, तसं. कुसुम हसली. आपली साधी हसली बिचारी. ते हसू मला किती दिवस झोंबत राहिलं म्हणून सांगू!

पुढे तो "बस" म्हणायला लागला. आणि पावसाळ्यानंतर एकदा, पाटाशी बसल्या बसल्या, "कुशी." कुसुमला कुशी. आई नाही — आई कधीच नाही. मी जळले. याला दुसरा शब्द नाही. जिला चेतापेशी म्हणजे काय हे माहीत नाही तिचं नाव माझ्या पोराच्या तोंडी, आणि मी, नऊ महिने वाहिलेली, त्याला चुकीचा हात?

त्याच हिवाळ्यात आम्ही त्याला मुंबईला एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मिलिंद खोलीत टिकेना, म्हणून नवरा त्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात फिरत राहिला. आत मी एकटीच. हे लक्षात ठेवा.

त्या इंग्रजीत बोलल्या, शांतपणे. म्हणाल्या, याला ऑटिझम म्हणतात. तो मेंदूच्या घडणीतला प्रकार आहे, तुमच्या मायेचा त्याच्याशी काही संबंध नाही. आयांना यात उगाच दोष देत आलेत लोक. वर्षानुवर्षं डोक्यावर असलेला हंडा कुणी उतरवून घेतला, असं वाटलं मला. मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. विचारलं, म्हणजे चेतापेशींतच बिघाड? त्या म्हणाल्या, खात्रीने कुणालाच माहीत नाही. पण हल्ली काहीजण भोवतालच्या आधाराच्या पेशींकडेही बघायला लागलेत. त्या नुसत्या भरावाच्या नसाव्यात. त्या चेतापेशींना पोसतात, कचरा काढतात, कदाचित कुठला जोड टिकायचा आणि कुठला नाही यातही त्यांचा हात असेल. मग त्यांनी विचारलं, हा कुणाशी बोलतो का?

मी म्हटलं, आत्याशी.

"मग तिला घट्ट धरून ठेवा," त्या म्हणाल्या. "जे करतेय ते करू द्या. तुम्ही हळूहळू तिच्या शेजारी जाऊन बसा."

तिच्या शेजारी. म्हणजे आता सिमेंटला मान, आणि वीट त्याच्या बाजूला बसणार. जिना उतरता उतरता माझं ठरलं.

घरी सगळे ओटीवर जमले होते. मी सांगितलं — डॉक्टर म्हणाल्या, आत्याने त्याला त्या एकाच खेळात अडकवून टाकलंय, म्हणून बाकीचं बोलणं खुंटलंय. त्याला पाण्यापासून आणि तिच्यापासून लांब ठेवा. एकानेही उलटून विचारलं नाही. कोण विचारणार? मी शिकलेली, मी इंग्रजी समजणारी, मेंदू शिकवणारी बाई. आमच्या घरात माझा शब्द म्हणजे छापलेला शब्द.

कुसुम उंबऱ्यात उभी होती. "माज्यामुलं जालं का, वैनी?"

तो हंडा किती जड लागतो, मला माहीत होतं. त्याच दिवशी तर माझ्या डोक्यावरून उतरला होता. आणि मी तो तिच्या डोक्यावर ठेवला, वर मायेने म्हटलं, "तुला काय ठाऊक असणार गं, बिचारे." त्या "बिचारे"ची मला जास्त लाज वाटते.

मिलिंदला आता दिवसभर सासूबाई बघायच्या, आणि कुसुम तो उठायच्या आत वाडी शिंपून मोकळी व्हायला लागली. तो यायचा, ओल्या आळ्यापाशी बसायचा. "वळव," म्हणायचा. "कुशी." एकदा ती केळीच्या गचपणामागे पदर तोंडात कोंबून उभी होती, आणि मी माजघराच्या खिडकीतून दोघांनाही बघत होते. मला वाटत होतं, आता येईल माझ्याकडे. आला नाही. आधी "कुशी" गेलं, मग "बस". "वळव" सगळ्यात शेवटी गेलं. नंतर काहीच नाही.

आता त्याला दाढी येते. नवरा करतो त्याची दाढी. कुसुम त्याच्यापाशी राहिली असती तर तो बोलला असता का? माहीत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण "कुणाला माहीत" या छपराखाली मी उभी राहणार नाही. मला जे सांगितलं होतं ते मी उलटं करून सांगितलं, आणि का, तेही मला तेव्हाच माहीत होतं. मध्यंतरी पेपरच्या पुरवणीत त्या आधाराच्या पेशींवर लेख आला होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच काहीसं. यंदा वर्गात मी "भरावाच्या" म्हटलं नाही. दुसरंही काही म्हटलं नाही. पान उलटलं.

कुसुम त्याच घरात आहे, मागच्या खोलीत. मिलिंद ओटीवर असला की ती पुढच्या दाराने येत नाही, वाडीतून वळसा घालून येते. तिला अजून वाटतं, तिची सावली त्याला बाधते.

काल ती पिकलेले चिकू घेऊन खिडकीशी आली. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. मिलिंद ओटीवर पाय हलवत बसला होता. ती हळूच म्हणाली, "वैनी, तो आत गेला का सांग मला. मंग येते."

मी म्हटलं, "बरं. सांगते."