मोठ्या बाबूंनी निकाली काढलेला रेडिओ

मेहकरात मार्तंडराव देऊळगावकरांना अजूनही ‘मोठे बाबू’च म्हणतात. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली. पण काही नटांच्या चेहऱ्यावरचा रंग नाटक संपल्यावरही उतरत नाही, तसं बाबूंचं होतं. घरात साधा पंखा घ्यायचा तरी दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, खाली टिप्पणी लिहायची आणि ‘मान्यतेस्तव सादर’ म्हणून कागद स्वयंपाकघरात पाठवायचा. त्यांची बायको शकुंतलाबाई पिठाच्या हातानंच सही करत. चाळीस वर्षांच्या त्या फायलींना अजून कणकेचा वास येतो.

माणूस मात्र सोन्यासारखा. नोकरीत कुणाचा कागद अडवला नाही, कुणाचा चहा घेतला नाही. फक्त नियमाच्या बाहेर पाऊल टाकायची वेळ आली, की त्यांना घाम फुटायचा.

अशा घरात यंदा भाद्रपदात आकाशवाणीचं पत्र आलं. शकुंतलाबाईंचं माहेर जानेफळचं. तिथं लहानपणी आईकडून शिकलेली भुलाबाईची गाणी त्यांना दीडशेवर पाठ होती. महिनाभर रोज संध्याकाळी पोरींनी फेर धरून म्हणायची ती गाणी. आकाशवाणीनं त्यांना अकोल्याला बोलावलं आणि अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण करून घेतलं. प्रसारण कोजागिरीच्या दुपारी एक वाजता. एकदाच.

लग्नानंतर बाई ओसरीवर गुणगुणायला लागल्या, की सासरे खाकरायचे. तेव्हापासून त्यांचं गाणं वरणाच्या फोडणीबरोबर उडायचं, तेवढंच. आता सदुसष्टाव्या वर्षी त्यांना एवढंच हवं होतं, की आपला आवाज आपल्या कानांनी ऐकावा, आणि ऐकताना बाबू शेजारी असावेत. कोजागिरीला लेकीकडे, गार्गीकडे, बीबी गावाला जायचं होतं. भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी पोरींना गाणी सांगायला आई लागायचीच. म्हणजे दुपारी एकला दोघं गाडीत असणार. गाडीत रेडिओ होताच. प्रश्न कुठं होता?

प्रश्न बाबूंनी काढला.

“तो रेडिओ खरखरतो,” ते म्हणाले. “तुझं गाणं आणि खरखर? चालणार नाही. नवा घेऊ.”

हे प्रेमच होतं. फक्त ते फायलीत शिरलं.

त्याच रात्री जेवणं होत असताना कॅनडाहून मुलाचा, शौनकचा, फोन आला.

“बाबा, माझ्या गाडीत उपग्रहाचा रेडिओ आहे. जंगलात न्या, डोंगरात न्या, आवाज हलत नाही.”

बाबूंनी ‘उपग्रह’ असा रकाना आखला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात डिजिटल प्रसारणावर लेख वाचला: जमिनीवरच्याच मनोऱ्यावरून येणारा, पण काचेसारखा स्वच्छ आवाज. दुसरा रकाना आखला. दरपत्रकं तीन लागतात, म्हणून गाडीतल्या जुन्या रेडिओचा तिसरा रकाना झाला. त्यात शेरा पडला: ‘जुने तंत्र. विचारार्थ नाही.’

मग पंधरा दिवस घरात दोन्ही पक्षांची बाजू बाबू एकटेच मांडत होते. उपग्रह वर आहे, म्हणून त्याला अडथळा नाही. पण मनोरा आपल्या जमिनीवर आहे, म्हणून तो जवळचा. उपग्रहाला वर्गणी. डिजिटलला मात्र यंत्र वेगळं.

“मले माझं गाणं ऐकायचं आहे,” शकुंतलाबाई भाजी निवडत म्हणाल्या. “ते आभाळातून येवो का कडुनिंबावरून.”

“हे मत टिप्पणीत घेऊ का?”

“घ्या. खाली माझी सही आहेच.”

उपग्रहाच्या कंपनीला बाबूंनी तीन पत्रं पाठवली. उत्तर नम्र होतं: आमची सेवा आपल्या देशात नाही. दुसऱ्या कुणी हे आधी विचारलं असतं. बाबूंनी मात्र समाधानानं तो रकाना खोडला आणि डिजिटलच्या बाजूनं निर्णय लिहिला. यंत्र पुण्याच्या दुकानातून मागवायचं ठरलं. दुकानदारानं फोनवर विचारलं, “फक्त डिजिटलचं पाठवू, की त्यात साधं एफएमही असलेलं?”

बाबूंनी तक्ता पाहिला. “साधं विचारार्थ नाही,” ते म्हणाले.

पण नवं यंत्र मागवण्याआधी कचेरीचा एक नियम आडवा आला. जुनी वस्तू निर्लेखित झाल्याशिवाय, म्हणजे कागदोपत्री निकालात काढल्याशिवाय, नवी खरेदी होत नाही. बाबू गाडी घेऊन कचरूकडे गेले. सुलतानपूर रस्त्यावर, गाव संपतं तिथं, कचरूचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं.

“मोठे बाबू, चालता रेडिओ काऊन काढून राह्यले?” कचरू म्हणाला. “नवा येऊ द्या ना आंधी.”

“नियम आहे.”

“तो सरकारचा. ही गाडी तं काकूच्या भावानं देल्ली.”

बाबूंनी गाडीचं दार उघडून दिलं. रेडिओ निघाला. कचरूकडून त्यांनी लिहून घेतलं: ‘वस्तू निरुपयोगी समजून मिळाली. देणाराचा परत मागण्याचा हक्क राहणार नाही.’ कचरूनं हसत अंगठ्याएवढी सही ठोकली.

पुण्याहून खोकं आलं ते कोजागिरीच्या आदल्या दिवशी. बसवायला कचरूकडे जावं, तर निरुपयोगी वस्तू ज्याला दिली त्यालाच नवीन काम देणं बाबूंना योग्य वाटेना. त्यांनी स्वतःच यंत्र बसवलं. दिवे लागले. बाबूंनी त्याला हळद-कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला दोघं निघाले. शकुंतलाबाईंनी इरकली नेसली होती, मोगऱ्याचा गजरा माळला होता. इतक्या वर्षांनी जणू त्यांच्या प्रवेशाची घंटा होणार होती. मांडीवर खरेदीची फाइल होती; हमीपत्र तिच्यात असल्यानं बाबूंनी ती बरोबर घेतली होती.

पाऊण वाजता बाबूंनी रेडिओ लावला. यंत्रानं शोध घेतला आणि खरोखर काचेसारखा आवाज आला. कुठल्या तरी दूरच्या केंद्रावर कुणी सतार वाजवत होतं.

“बघ,” बाबू म्हणाले. “तारेवर बोट घासलेलं ऐकू येतं.”

“छान. आता आपलं लावा.”

बाबूंनी बटणं दाबली. पुन्हा सतार. पुन्हा शोध. त्या यंत्राला दोन केंद्रं सापडली. एकावर सतार, दुसऱ्यावर बाबूंना न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या. शकुंतलाबाईंचं गाणं साध्या एफएमवर होतं. बाबूंनी गाडी बाभळीखाली उभी केली आणि माहितीपत्रक वाचायला घेतलं. बाईंनी मोबाईलवर आकाशवाणी लावून पाहिली. त्यावर पांढरं वर्तुळ फिरत राहिलं, रेंज येईना. एक वाजायला चार मिनिटं.

“शकुंतला,” बाबू म्हणाले, “तिसरा रकाना…”

त्यांनी माहितीपत्रकाची घडी घालून ते खिशात ठेवलं.

“गाडी फिरवा,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “कचरूकडे.”

“पण मी लिहून घेतलंय की…”

“फिरवा म्हणते ना.”

लग्नानंतर पहिल्यांदा बाबूंनी टिप्पणीशिवाय आदेश पाळला.

कचरूच्या दुकानाशी पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आत बॅटरीला जोडलेला तो जुना रेडिओ खिळ्याला टांगलेला होता. खाली कचरू आणि टेम्पोवाला निवृत्ती हातातली कामं टाकून बसले होते. खरखरीतून एक बाई गात होती. आवाज थोडा फाटलेला, पण सुराला घट्ट धरून.

बाबूंनी तोंड उघडलं.

“थांबा, मोठे बाबू,” कचरू हात वर करून म्हणाला. “मांगून बोला, गानं झाल्यावर. भुलाबाई लागली. माही माय हेच म्हने.”

शकुंतलाबाई दारातच थबकल्या. आपण कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांचे ओठ हलत होते, आणि रेडिओतल्या बाईच्या अर्धा श्वास आधी पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर येत होता. निवृत्तीनं ते पाहिलं. त्यानं आधी रेडिओकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“कचरू,” तो हळूच म्हणाला, “बे, हे तं काकूच होय.”

कचरू ताडकन उठला आणि बाक हातानं पुसायला लागला; तेलाचे डाग आणखी पसरले.

“बसा काकू. रेडिओ गाडीत बसवून देतो आत्ताच. कागद गेला चुलीत.”

“आत्ता नको,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “मधात बंद पडंन. इथंच ऐकू.”

त्यांनी इरकलीकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. मग काखेतली खरेदीची फाइल, तुलनात्मक तक्त्यासकट, बाकावर पसरली आणि तिच्यावर बसल्या. उरलेल्या अर्ध्या भागावर हात ठेवून म्हणाल्या, “या.”

बाबूंनी पाहिलं, तेल कागदात चढत होतं. उपग्रहाचा रकाना बुडाला, मग डिजिटलचा. धोतराचा सोगा आवरून बायकोशेजारी टेकले आणि खरखर ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.