बर्फाच्या वाघिणीचा पिवळा

लुमीर होलेचेकनं उभी हयात रेल्वेच्या रंगशाळेत बर्फाच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे गार डबे, रंगवल्या. लाकडी, पिवळ्याधमक. छपरातल्या झडपांतून बर्फ भरायचा, की आयोवाचं मांस आणि लोणी शिकागोपर्यंत ताजं. वाघिणी मोडीत निघाल्या, रंगशाळेला टाळं लागलं. मग हा गडी तळघरात बसून त्यांचीच वीतभर लांबीची पिल्लं करायला लागला.

बाजू पिवळ्या, छप्पर विटकरी, बूड काळं, एवढं कुणीही करील. लुमीरचा जीव अडकायचा तो दाराच्या बिजागऱ्यांत. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या बिजागऱ्या काळ्या करायच्या आणि कडेला सांडलेलं काळं पिवळ्यानं परत झाकायचं. त्यासाठी कुंचल्याला सुईसारखं टोक हवं, आणि टोक ओठातच येतं. ओठात धरायचा, जरा फिरवायचा, ओढायचा. रंगशाळेत सगळे तेच करायचे.

पिवळाही रंगशाळेतलाच. शेवटच्या दिवशी त्यानं एक मोठा डबा काखोटीला मारून आणला होता. शिशाचा रंग.

"अंडं फोडून प्यालास काय?" जिन्यावरून त्याची बायको व्हर्ना विचारायची. "पूस तो ओठ!"

"दूध पितोय ना वरनं. दूध शिसं धरतं."

हे त्यांच्यातलं पक्कं शास्त्र. रंगाऱ्यांना रंगशाळेतच दुपारी दूध मिळायचं. मुकादम फर्ड तर दोन पेले प्यायचा. त्याच फर्डचं मनगट पुढे असं लोंबायला लागलं, की त्याची बायको त्याला चमच्यानं भरवायची. पण फर्ड दारूही प्यायचा. सगळे म्हणाले, दारूनं झालं.

त्या हिवाळ्यात लुमीरच्या पोटात मुरडा उठायला लागला. तोंडाला कसलीशी गोडसर चव. एका सकाळी तो दात घासत असताना व्हर्नानं त्याचा जबडा धरला आणि उजेडाकडे वळवला. हिरड्यांच्या कडेनं निळी रेघ. कुणी शिसपेन्सिलीनं ओढावी तशी.

डॉक्टरीण वयानं लहान, पण बोलायला रोखठोक. "आजोबा, ही रेघ शिशाची. आत्ता थांबलात तर हात वाचेल. नाही थांबलात तर नुसत्या हातावर भागणार नाही."

"आणि दूध?"

"दूध कॉफीत घाला."

व्हर्नानं दुकानातून नवा पिवळा आणला, बिनशिशाचा. लुमीरनं तो फळकुटावर ओढून पाहिला, जुन्याशेजारी धरला.

"ही तर मोहरीची चटणी आहे."

"मग चटणीची वाघीण कर. मला तुझा हात हवाय, लुमीर."

"बरं बाई," तो म्हणाला, आणि त्या वेळी ते अगदी मनापासून म्हणाला. जुना डबा तिनं फडक्यात गुंडाळून गॅरेजात, खताच्या पोत्यांमागे ठेवला. कचऱ्याची गाडी मंगळवारी यायची.

घोडं अडलं ते एका वाघिणीपाशी. तिची एक बाजू जुन्या पिवळ्यात होऊन बसली होती. दुसरी कोरीच. एकाच वाघिणीला दोन पिवळे? रंगशाळेत असं कुणी केलं असतं तर फर्डनं त्याला वाघिणीसकट रुळावर झोपवला असता. रविवारी व्हर्ना चर्चच्या स्वयंपाकघरात कोलाचे, ते फळं भरलेले गोड पाव, भाजायला गेली, आणि घर गप्प झालं. लुमीर वर्तमानपत्र घेऊन बसला. मग गॅरेजात गेला.

एकच बाजू. कुंचला ओठाला लावायचा नाही, असं त्यानं ठरवलंही होतं. पहिली बिजागरी फडक्यावर टोक काढून झाली, कड फिसकटली. दुसरीही तशीच. तिसरीला त्यानं फडकं बाजूला सरकवलं.

व्हर्ना आली तेव्हा तो हात धुऊन, तोंड धुऊन, टेबलाशी बसला होता. डबा पोत्यांमागे जागच्या जागी. तिनं बटाट्याचं सूप वाढलं, चर्चमधल्या कुणाकुणाच्या उखाळ्यापाखाळ्या सांगितल्या. लुमीर मान डोलवत राहिला. सुपावर साय धरली.

"खात का नाहीस?"

"निवू दे."

"निवलंय." ती बोलता बोलता थांबली. त्याचा डावा हात टेबलावर होता. उजवा मांडीवर, खाली. "लुमीर, हात वर घे."

त्याचा खांदा हलला. मान ताणली गेली, कपाळावर घाम आला.

"घेतोय ना," तो म्हणाला.

टेबलाच्या कडेवर काहीच आलं नाही. व्हर्नानं खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली आणि चमचा उचलला.