गिरडच्या टेकडीवरची दगडी फळे

पुण्याहून निघताना आईने एकच गोष्ट बजावली होती, "त्याला घेऊनच ये."

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ मधू. चार वर्षांपूर्वी खादी अंगावर चढवून वर्ध्याला गेला. तिथे सूत कातत असताना त्याला कोणीतरी सांगितले, की गिरडच्या बाजूला एका खेड्याने वर्गणी काढून मिडल स्कूल सुरू केले आहे, पण मास्तर टिकत नाही. हा गेला आणि टिकला. आता त्याचे पत्र आले होते: 'ताई, मुलांना उत्क्रांती शिकवली म्हणून गाव रागावले आहे. रविवारी सकाळी समितीची बैठक आहे, बहुधा मला नारळ मिळेल. तू वनस्पतिशास्त्र शिकवतेस, तुझ्या शब्दाला वजन येईल. येशील का? आईला सांगू नकोस.' आमच्या घरी असे पत्र आई सर्वांत आधी वाचते.

खरे सांगायचे तर मी दोन मनांनी निघाले होते. मधूची बाजू मांडायची होती, हे झालेच. पण त्याला काढले तर तो घरी येईल, आईचा जीव थाऱ्यावर येईल, आणि माझ्यावरचा भार हलका होईल, असेही वाटत होते. तिसरे कारण पत्राच्या मागच्या पानावर होते. मधूने टेकडीवरच्या दगडांचे चित्र काढले होते, हुबेहूब जायफळासारख्या गोल दगडांचे. ते पाहिल्यापासून मला चैन नव्हते.

वर्ध्याला गाडी बदलून हिंगणघाटला उतरले. तेव्हा हा सगळा मुलूख मध्यप्रदेशात होता. स्टेशनावर हमाल हिंदीत बोलायचा आणि मी मराठीत, तरी हमालीवरून आमचे भांडण व्यवस्थित झाले. पुढे समुद्रपूरपर्यंत मोटार होती, तिचे चाक वाटेत दोनदा पंक्चर झाले. समुद्रपूरला दौलत नावाचा गाडीवान रेंगी (बसण्यासाठीची हलकी बैलगाडी) घेऊन आला होता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, मध्ये तुरीचे पट्टे. माघातले ऊन सुखाचे होते. पहिल्याच धक्क्याला आईने मधूसाठी दिलेल्या चिवड्याच्या डब्याचे झाकण उडाले आणि निम्मा चिवडा गाडीतल्या कडब्यात मिसळला. दौलतने तो निवडून खाल्ला आणि वाखाणला.

"मास्तराच्या बहीन ना तुमी?" त्याने विचारले. "मास्तर म्हनते, मानूस वांदरापासून झाला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माह्या साळ्याले पाह्यलं का खरं वाटते," तो बैलांना हाकत म्हणाला. "पन मास्तर गेला नाई पाह्यजे, बाई. माही पोरगी वाचाले शिकली त्याच्यापाशी. कागद आला का आता मीच तिच्यापुढं उभा राह्यतो."

मधू वाळला होता, पण तोंडावर तजेला होता. त्याने स्वतः गोळाभात (बेसनाचे गोळे घालून शिजवलेला भात) केला होता. वरून कडकडीत तेल ओतताना त्याचा हात सराईत चालत होता. घरी याने कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नव्हता. मी पोटभर जेवले आणि मनात थोडी रुसलेही.

शनिवारी आम्ही गिरडची टेकडी चढलो. माथ्यावर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. चढणाऱ्यांत नऊवारी नेसलेल्या बाया होत्या, टोप्या घातलेली माणसे होती, नारळ सगळ्यांच्या हातात होते. उतारावर एक वयस्क बाई वाकून दगड वेचत होती. मधूने नमस्कार केला आणि ओळख करून दिली: या पाटलीणबाई, म्हणजे मधूचा निकाल लावणाऱ्या गणपतराव पाटलांच्या पत्नी. त्यांच्या बोलण्यात राग दिसला नाही. मला शेजारी बसवून त्यांनी हकीकत सांगितली.

"एक यापारी बैलांवर गोन्या लादून इथून चालला होता. फकिरानं इचारलं, काय हाये बाप्पा गोन्यात? यानं मस्करी केली, म्हने दगड हायेत. बाबा म्हनले, दगड तं दगड. पुढं जाऊन पाह्यते तं सारी जायफळं दगड! थेच हे."

"आणि तुम्ही हे वेचता कशाला?"

"पेरनीच्या ज्वारीत ठेवाले. बियान्यात बाबाचा दगड असला का बी वांझ राह्यत नाई. आमच्याकडं लगनापासून चालू हाये, सासूबाईच्या हातचं."

त्यांनी ओंजळीतले तीन दगड मला दिले. मी एक उन्हात फिरवून पाहिला. सालीसारखे कवच, टोकाला देठाची खूण वाटावी असा खळगा! छिंदवाड्याकडे दगड झालेली फळे सापडली आहेत, त्यांचे तुकडे मी कॉलेजच्या कपाटात पाहिले होते. "मधू, हे फळच आहे!" मी ओरडले.

"मी वर्गात तेच शिकवलंय," मधू म्हणाला. "लाखो वर्षांपूर्वीच्या झाडांची फळं, म्हणून. त्यावरूनच तर उत्क्रांतीवर आलो."

पाटलीणबाईंनी समाधानाने मान हलवली. दगड आधी फळ होता यावर आमचे तिघांचे एकमत होते; तो कोणी केला एवढाच वाद होता.

रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. गणपतराव पाटील, समितीची चार माणसे, खांबाशी दौलत आणि दाराशी पाटलीणबाई. पाटील बांधकामासाठी स्वतः मुरूम वाहिलेले गृहस्थ, आवाज मोठा पण बोलणे रीतीचे. मी मनात धर्मावरच्या भाषणाला उत्तर तयार करून गेले होते. ते फुकट गेले.

"बाई, वांदराचा मानूस होते हे आमाले नवं नाई," पाटील म्हणाले. "चौऱ्यांशी लक्ष योनी फिरून मंगच मानसाचा जनम भेटते, हे आमच्या आज्यालेबी मालूम होतं. पन मधात मराव लागते, पुन्य कराव लागते. तुमच्या मास्तराच्या शास्त्रात पुन्य कुठंच नाई. जो तगला थो राह्यला म्हनते. मंग पोराले मी काऊन सांगू, का बाप्पा नीट वाग?"

वीस वर्षे शिकवत होते, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटले, "पाटील, नीट का वागावं ते शास्त्र सांगत नाही. ते तुम्हीच सांगायचं. शास्त्र एवढंच सांगतं, की काय झालं असावं. तुम्ही ज्वारीची चांगली कणसं निवडून बियाण्याला ठेवता ना? दरसाल थोडा फरक पडतो. निसर्गातही तशी निवड होते, फार सावकाश."

"कनसं निवडाले मी असतो. तिथं कोन हाये?"

चार माणसे हसली, आणि माझा स्वभाव आडवा आला. "तुम्हाला पुरावाच हवा ना?" मी पिशवीतले तीन दगड काढले. "लाखो वर्षांपूर्वीचं फळ दाखवते. याच्या आत बी आहे. हातोडा आणा."

हातोड्यासाठी कोणी उठले नाही. बाबाचा दगड त्या गावात कोणी फोडला नव्हता, कोणाच्या मनातही आले नव्हते. पाटलांनी दाराकडे पाहिले. पाटलीणबाई म्हणाल्या, "फोडू द्या त्याईले. मीच देल्ले."

दौलतने हातोडा आणून दिला; मी एक फोडला. आत बी नव्हते. कवचाच्या आत टरफल नव्हते, गर नव्हता, काही नव्हते; फिकट माती आणि चमकणारे बारीक कण. दुसरा फोडला, तसाच. तिसरा फोडला. तोही तसाच. हे कधी फळ नव्हतेच. नुसता चिखलात गोल होत गेलेला दगड!

बी कुजून गेले असेल, असे सांगता आले असते. कोणाला कळले नसते. वाक्य माझ्या जिभेवर आले होते. मी मधूकडे पाहिले, आणि तो माझ्या आधी उठला.

"मी मुलांना चुकीचं शिकवलं," तो म्हणाला. "वर्षभर. न फोडता. उद्या वर्गात सांगेन, तुकडे मुलांच्या हातात देईन. हे फळ नव्हतं. माझंही खरं नाही."

"म्हंजे बाबाचंबी खोटं?" पाटलांनी विचारले.

"ते मला सांगता येत नाही. आत जे दिसलं तेवढं सांगतो."

"आन वांदराचं? थेबी असंच न फोडता?"

"नाही. ते अनेकांनी फोडून पाहिलंय, हाडं मोजून पाहिलीत. पण मी स्वतः नाही पाहिलेलं. तेही तसंच सांगेन."

पाटलांनी एक तुकडा उचलून बोटांनी चोळून पाहिला. मग टोपी नीट करून म्हणाले, "याच्या आंधी तीन मास्तर होऊन गेले. फळ्यावर चुकले तं पोराले मारत. हा पयला हाये." ते समितीकडे वळले. "राहू द्या याले. शिकव बाप्पा तुहं वांदर. पन पुन्याचं इचारलं पोराईनं, तं माह्याकडं धाडजो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत; दौलत तेवढा नाक शिंकरून बाहेर गेला. पाटलीणबाई खाली बसून तुकडे पदरात गोळा करू लागल्या. मी शरमून माफी मागितली. "काऊन?" त्या म्हणाल्या. "फुटला तं काय बरकत सांडली? अर्धे मास्तराले देतो, अर्धे ज्वारीत."

सोमवारी परतीच्या गाडीत माझ्याशेजारची जागा रिकामी होती. मधू रेंगीपर्यंत पोचवायला आला होता, आणि वळताना धावला होता, शाळेची घंटा झाली म्हणून. मला रडू आले, ते तो दुरावला म्हणून की अभिमानाने, हे मला त्या वेळी सांगता आले नसते. दोन्ही होते. पाटलांचा तो पुण्याचा प्रश्न गाडीभर माझ्याशी वाद घालत होता. अजून घालतो.

आईने दार उघडले आणि माझ्या मागे पाहिले. "काढलं नाही का त्याला?"

"नाही."

"का पण?" तिचा आवाज लहान झाला. "तूच बोललीस ना तिथे? तुझ्यामुळे ठेवला?"

"माझ्यामुळे जवळजवळ गेला होता," मी म्हटले. "तो चुकला, आणि चुकलो म्हणाला, म्हणून ठेवून घेतला त्यांनी."

आई उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "मग तो आता यायचा नाही."