चिंचेपलीकडे गेलेला चेंडू

ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही सांगितली नाही, आणि तो तर माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आधी ओळखायचा. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका — मलाच धड माहीत नाही.

माझी खोड आधी सांगते. नवी वस्तू दिसली की मला चैन पडत नाही. हात लावून, उलटीपालटी करून बघितल्याशिवाय घास गोड लागत नाही. आई म्हणायची, "ही पोर येक दिस इंचवालाबी इचारील, तुजी नांगी कशी वळते रे?" तर अशी मी. शहापूरच्या बाहेर, शेणव्याच्या वाटेवर एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता. तिथे नवरा स्वयंपाकी आणि मी झाडलोटीला. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील.

एकदा त्या साहेबाला विलायतेहून एक लांबलचक खोकं आलं. आत गोल्फ खेळायच्या नव्या लोखंडी काठ्या. त्याच्या आधीच्या काठ्यांना लाकडाचे दांडे होते. ह्यांचे दांडेसुद्धा पोलादी, आणि खालचं पातं असं चकचकीत की त्यात बघून कुंकू लावावं. पण मला कोडं पडलं ते वेगळंच. चेंडू एक, मारणारा एक — मग काठ्या इतक्या कशाला? न्याहाळून बघितलं तेव्हा कळलं, प्रत्येकीचं पातं आधीचीपेक्षा थोडं जास्त कललेलं. म्हणजे आपल्याकडे पळी वेगळी, झारा वेगळा, उलथणं वेगळं, तसंच की! एवढं कळल्यावर तर माझे हात जास्तच शिवशिवायला लागले.

भात कापून झाल्यामुळे बंगल्यामागची शेतं मोकळी होती. साहेबाने तिथे ठरावीक अंतरावर, पार टोकाच्या चिंचेच्या झाडापर्यंत, चुन्याच्या रेघा ओढून घेतल्या. रोज सकाळी तो एकेक काठी घेऊन चेंडू मारून बघायचा — कुठलीने कुठवर जातो. चेंडू वेचायला आणि नंतर काठ्या तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायला लाडक्या होता. कातकरी वाडीतला, तिशीचा, कमी बोलणारा. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. वाडीतली बाकीची माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर निघाली होती, पण लाडक्याला बंगल्यावरचं काम मिळालं होतं, म्हणून ह्या वर्षी ओल्या बाळंतिणीला घेऊन जंगलात, धुरात जायची वेळ त्याच्यावर येणार नव्हती. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं — एवढं लक्षात ठेवा.

एका दुपारी साहेब मोटारीने मुरबाडकडे गेला. धसईच्या बाजारातून भाजी आणायला नवऱ्यालाही बरोबर नेलं. लाडक्या घरी गेला असेल असं मला वाटलं. मी एक काठी काढली, पदर खोचला आणि शेतात उतरले.

पहिला फटका हवेतच. दुसऱ्याला चेंडू जागचा हलला नाही, ढेकूळ मात्र उडालं. मग आठवलं — कुदळ मारताना जोर हातात कुठे असतो? कमरेत असतो! तसं मारलं, आणि काय सांगू! टक् असा आवाज आला, हाताला काही जाणवलंच नाही, आणि चेंडू जो गेला तो शेवटची रेघ ओलांडून कुठे पडला ते दिसलंसुद्धा नाही. मी एकटीच मोठ्याने हसले.

पात्याला माती लागली होती. मातीचं बाई काय करते? घासते. मी राख घेतली, वर चिमूटभर बारीक वाळू, काथ्याने खसाखसा घासलं, धुतलं, जागच्या जागी ठेवलं. भांडं असतं तर लखलखलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबाने ती काठी उन्हात धरली — पात्यावर सगळीकडे ओरखडे. तो लालबुंद झाला. काठ्या पुसायच्या कुणी? लाडक्याने. लाडक्याने पात्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाच पावलांवर केरसुणी घेऊन उभी. मग तो खाली बघत म्हणाला, "मला नाय ठावं, सायब." एवढंच. साहेबाने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

मी बोलले नाही. नवऱ्याची नोकरी गेली असती असं म्हणता येईल, आणि ते खोटंही नाही. पण त्या क्षणी ते माझ्या मनातच आलं नव्हतं. मला भीती वाटली ती हसण्याची — बाईमाणूस, पदर खोचून साहेबाची काठी फिरवते, हे गावभर झालं तर? माझं हसं होऊ नये म्हणून त्या माणसाचं काम गेलं.

पण एवढंच नाही. इथवर आलेच आहे, तर पुढचंही सांगून टाकते.

चार दिवसांनी लाडक्या मागच्या दाराशी आला. पाठीमागे बायको, डोक्यावर बोचकं, छातीशी फडक्यात बाळ. भट्टीवर निघाले होते. त्याने मूठ उघडली. आत चेंडू.

"यो चिंचेच्या पल्याड गावला, बाय," तो म्हणाला. "मी बांधाआड व्हतो. बगितला मी."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. साहेबासमोर मान खाली घालून उभा होता, तेव्हाही ठाऊक होतं. आणि मी काय बोलले असेन? चुकले रे म्हणाले? थांब, साहेबाला सांगते म्हणाले? नाही हो. मी विचारलं, "चिंचेच्या किती पल्याड रे?"

त्याने जरा आठवलं. "ईस पावलं. सायबाचा येकबी तितवर नाय गेला."

आणि मला आनंद झाला. उंबऱ्यात उभी राहून, त्या बाळंतिणीच्या तोंडासमोर, मी हसले. मग मी चेंडू घेतला आणि ते निघून गेले.

पुढच्या पावसाळ्याला वाडीतली माणसं भट्ट्यांवरून परत आली. लाडक्याची झोपडी तशीच रिकामी होती. ते कुठे राहिले, बाळ त्या धुरात टिकलं का — वाडी तर हाकेच्या अंतरावर होती. जगातलं सगळं विचारणारी मी, एवढं मात्र कधी कुणाला विचारलं नाही.