सरूबाईंनी बंद केलेला खोका

हे लिहायचं मी चौदा वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्त झालो म्हणून, आणि शेवटी सरूबाईच राहिल्या नाहीत म्हणून. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. आता सत्तरी उलटली आहे, आणि खरं काय घडलं ते माहीत असलेला माणूस मी एकटाच आहे.

चाकणच्या आमच्या कारखान्यात तार ओढायच्या डाय बनत. तार बारीक करायला ज्या साच्याच्या भोकातून ओढतात, तो साचा म्हणजे ही डाय. मुठीत मावेल एवढी, पण हातात घेतली की मनगट खाली जातं. कार्बाइडची असल्यामुळे एक डाय दुसरीवर आपटली तर काचेसारखी कड उडते. हा माल विमानाने परदेशी जायचा. मी डिस्पॅचचा प्रमुख होतो आणि सरूबाई पॅकिंगच्या टेबलावर. खोका बंद केला की त्या तो दोन्ही हातांनी कानाशी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि सावकाश कलता करायच्या. आत जरा जरी खुट्ट झालं, की टेप टराटरा फाडायच्या. "बोलतोय. बोलणारा खोका न्हाई जायचा."

त्या चाकणच्या पलीकडच्याच गावातल्या. कारखान्यात येण्याआधी कांद्याच्या बाजारात निवडायला जायच्या. वरच्या वजनाने खालचा माल कसा नासतो ते तिथे शिकल्या, असं सांगायच्या. शिक्षण सही करण्यापुरतं. पण छोट्या खोक्यात फोम कापून प्रत्येक डायला वेगळं घर करणं, तो खोका मोठ्या खोक्याच्या बरोबर मधे बसवणं, सगळ्या बाजूंनी चार बोटं जागा ठेवून ती दाबून भरणं, हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. मी एकदा म्हटलं, "अहो, एवढा मोठा खोका कशाला? आत माल केवढासा!"

"म्हनूनच की. खोका दिसनार मिठाईचा आन वजन जात्याचं. उचलनारा फसतो, आन फसला की हातातनं सोडतो. दोन हातांनी धरावा लागंल असाच पायजे."

नवीन होतो तेव्हा त्यांनी मला भरलेला खोका छातीइतक्या उंचीवरून खाली टाकायला लावला होता.

"अहो, आत माल आहे!"

"माल हाय म्हनूनच टाका, सायेब. मोकळा टाकून काय कळनार?"

मी टाकला. एकाही डायला ओरखडा नव्हता. त्या माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा नाहीत, लगेच पुढचा खोका ओढला. गाडीवाले त्यांची थट्टा करायचे. "मावशी, खोक्याचं लगीन हाय का? किती नटवताय!" की त्या टेपची गुंडाळी उगारून म्हणायच्या, "ये, तुझं बी तोंड नटवते." नव्या बायकांना काम त्याच शिकवायच्या. कागद मात्र टेबलाजवळ येऊ द्यायच्या नाहीत. "पेपर बसतो. पुन्याला फुगलेला आसतो, मुंबईपत्तुर चपटा."

एका बुधवारी जर्मनीचा माल बांधून झाला. चार खोके, बत्तीस डाय. निर्यातीच्या कागदपत्रांवर चौतीस होत्या, कारण दोन तपासणीतून उशिरा सुटल्या होत्या. निघताना सरूबाई म्हणाल्या, "त्या दोन राहू द्या. शुक्रवारी येते, येगळा खोका करते." गुरुवारी आमच्याकडे सुट्टी. पण गाडी गुरुवारीच येणार होती, आणि पूर्ण माल पाठवतो असा शब्द मी देऊन बसलो होतो. एका फोनवर कागद बदलता आले असते. त्या फोनवर "दोन कमी आहेत" एवढं म्हणायची मला लाज वाटली.

गुरुवारी सकाळी मी एकटाच आत गेलो. एक खोका उघडला, वरचा फोम काढला, त्या दोन डाय माझ्या गाडीतल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कोंबल्या आणि टेप लावली. तो खोका मी कानाशी नेला नाही. काय ऐकू येईल ते मला माहीत होतं.

तीन आठवड्यांनी तक्रार आली. एकाच खोक्यातल्या सहा डाय फुटल्या होत्या. सोबत पाच फोटो होते आणि चौथ्यात चुरगळलेलं मराठी वर्तमानपत्र स्पष्ट दिसत होतं. मालकांनी विचारलं, "पॅकिंग कोणाचं?" मी म्हणालो, "सरूबाईंचं." उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं, तेही मीच लिहिलं. कारण : पॅकिंग करणाऱ्या कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय : कामगारास पॅकिंगवरून हटवले. चौथा फोटो मी फाइलमधून काढून टाकला.

सरूबाईंना दोनच फोटो दाखवले. त्यांनी ते खिडकीशी नेऊन फुटलेली कड निरखली.

"एकमेकीला लागल्याबिगर आशी कड उडत न्हाई, सायेब. मंग लागल्या कशा?"

"फोम कमी पडला असेल."

माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमी म्हंताय तर आसंल." आणि चूक कबूल केल्याच्या कागदावर मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

त्यांना भंगार वेगळं करायच्या कामावर टाकलं. त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पॅकिंगच्या बायका अडल्या की त्यांच्याकडे जायच्या, तेव्हा मात्र सरूबाई मान हलवायच्या. "मला नगा इचारू. माझ्या हातचं फुटलंय." हे मी स्वतः ऐकलं आहे, दोन हातांवरून. ऐकून मी चहा प्यायला गेलो.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. सांगायचंच असं ठरवून गेलो. त्यांच्या मुलाने, तो कंपनीची बस चालवतो, मला आत नेलं. खाटेजवळ पाच-सहा बांधलेले खोके होते.

"काका, आईचा उद्योग बघा," तो म्हणाला. "पडायच्या आधीपर्यंत हेच. फरशीचे तुकडे भरायची, बांधायची आन गच्चीवरनं टाकायची. आमी म्हटलं, येड लागलं."

सरूबाईंनी डोळे उघडले. मला ओळखलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बरं झालं आला. तुमालाच इचारायचं व्हतं. लई टाकून बघितलं सायेब, फुटतच न्हाई. मंग माझं कुटं चुकलं?"

मुलगा दारात उभा होता. सुनेने चहा आणला. एवढी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी कप हातात घेतला आणि म्हणालो, "जुनी गोष्ट आहे सरूबाई. सोडून द्या."

"व्हय," त्या म्हणाल्या. पण नजर माझ्यावरून काढली नाही. चहा संपेपर्यंत त्या वाट बघत होत्या.

त्या भेटीनंतर बारा दिवसांनी मुलाचा फोन आला, आई गेली. त्यांच्या दहाव्याच्या विधीला गेलो, घाटावर मागे उभा राहिलो, आणि तिथेही त्याला काही बोललो नाही. हे छापून आलं की त्याच्याकडे घेऊन जाणार आहे. पण ज्यांना सांगायचं होतं त्यांना आता ते वाचून कोण दाखवणार?

सरूबाई, तुमचं कुठंही चुकलं नव्हतं. तुम्ही बंद केलेला खोका मी उघडला होता. मला माफ करा.