डाव्या हातची भजी

"उजवा हात काय मस्त बिघडलाय, सर! फरक एकदम क्लीन दिसतोय."

मी दारातच थांबले. हे बोलणारा माणूस मलमाच्या कंपनीचा होता. आमच्या दवाखान्यात चाललेला औषधाचा अभ्यास नीट होतोय की नाही, हे तपासायला तो अधूनमधून पुण्याहून यायचा. खुर्चीत मागे रेलून तो कचोरी खात होता. समोरच्या स्क्रीनवर एका बाईचे दोन हात होते, काळ्या कापडावर पालथे ठेवलेले. मागच्या भेटीला मीच काढलेला फोटो. डावा हात स्वच्छ, गुलाबीसर. उजव्याला बोटांच्या पेरापेरांत भेगा, वर पिवळी खपली आणि खपलीखालून पाझरणारी लस. कचोरीतली चिंचेची चटणी त्याच्या अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळली. ती त्याने चाटली.

"आपल्या सेंटरची बेस्ट जोडी आहे ही," डॉक्टर म्हणाले, आणि मला बघून, "आली का गं ती भजीवाली?"

"आल्यात. बाहेर बसल्यात," मी म्हटलं. ते दोघांपैकी कुणालाच ऐकू गेलं नसावं, कारण डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं.

मी नगरच्या ह्या त्वचारोगाच्या दवाखान्यात लागले ती फार्मसी करून, नंतर क्लिनिकल रिसर्चचा एक कोर्स करून. पुढे नेहमीचा दवाखाना चाले आणि मागच्या दोन खोल्यांत कंपन्यांचे अभ्यास. मी मागे असायचे. फोटो काढणं, ट्यूबवर लेबलं लावणं, पेशंटला फोन करणं. नोकरी घेतली तेव्हा वाटलं होतं की इथे फारसं बोलावं लागणार नाही. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे माझं मराठी कागदावर ठीक चालतं, पण अनोळखी माणसासमोर तोंडात अडकतं. रिसेप्शनवरच्या ताईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं. "आमच्या म्याडमला खाज म्हणायची पण लाज वाटते," त्या पेशंटसमोर म्हणायच्या. "इचिंग म्हणतात त्या. इचिंग असलं की पैसेवाल्याला होतं, खाज आपल्याला." पेशंट हसायचे. ताईंचं खोटं नव्हतं. मी खरंच इचिंग म्हणायचे.

आणि मला किळस यायची. कातडीचे डॉक्टर म्हणजे मलमं आणि गोरेपणा, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात काळ्या रेक्झिनच्या खुर्चीवर प्रत्येक पेशंटमागे कोंडा पडलेला असायचा आणि तो स्पिरिटच्या कापसाने मीच पुसायचे. एक गृहस्थ बोलता बोलता खिशातला कंगवा काढून पोटरी खाजवायचे आणि तोच कंगवा डोक्यातून फिरवून परत खिशात ठेवायचे. दुपारी डब्यातल्या पोळीचा पापुद्रा सुटलेला दिसला की मी डबा बंद करायचे. आई विचारायची, भाजी आवडली नाही का? आवडली, म्हणायचे.

अभ्यास होता हातावरच्या इसबाचा. त्याची रीत अशी: एकाच माणसाच्या एका हाताला औषध असलेलं मलम, दुसऱ्या हाताला तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं. कुठल्या हाताला कुठलं, हे कॉम्प्युटर ठरवतो. ते पेशंटलाही माहीत नसतं, डॉक्टरांनाही नाही. माणूस एकच, त्याचं पाणी, साबण, काम, खाणं सगळं एकच, त्यामुळे दोन हातांत जो फरक पडेल तो मलमाचाच. रीत म्हणून मला ती अजूनही हुशारीची वाटते. फक्त ती ज्यांनी शोधली ते बहुतेक काट्या-चमच्याने जेवत असावेत.

भजीवाल्या मावशी तिसगावकडच्या. बाजाराच्या रस्त्याला त्यांची भज्यांची गाडी होती. पीठ कालवणं, कांदा-मिरची चिरणं, कढया घासणं, सगळं उघड्या हातांनी. पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन्ही हात सारखेच वाईट होते. मी त्यांना डाव्या-उजव्याची रीत समजावून सांगितली. माझी वाक्यं अर्धवट तुटत होती. त्यांनी मान तिरकी करून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी एक हात कंपनीचा आन एक माझा, आसंच ना?"

डॉक्टर खो खो हसले. मी पण हसले. ह्या माणसाला आपण घाबरायला नको, असं मला पहिल्यांदा कुणा पेशंटबद्दल वाटलं.

पुढच्या भेटीला डावा हात बरा झालेला होता. त्यांनी तो माझ्यापुढे नाचवला. "बग, नवरीचा हात हाय का न्हाई? नुस्ती मेंदी लावायची राह्यली." मग उजवा पुढे केला आणि आवाज खाली आणला. "पन म्याडम, हा कुठला हात बरा केला वो तुमी?"

मला कळलं नाही.

"आवं, डाव्या हातानं भजी दिली तर लोक घेत्यात व्हय? ह्यो उजवा बघितला की लांबूनच पळत्यात. म्हनून डाव्यानं द्याया लागले. परवा एकानं कागदासकट गटारीत टाकली. म्हनला, बाई, ह्या हातानं काय काय धुतीस आन आमाला खायाला घालतीस?" त्या हसल्या. "त्याचं बी काय चुकलं? मी तरी घेतली आसती का?"

एवढी सहा-सात महिन्यांची आमची तयारी, कंपनीचे जाडजूड कागद, माझ्या कोर्समधल्या सगळ्या नोट्स. त्यात कुठेही असं आलं नव्हतं की डावा आणि उजवा हे दोन सारखे हात नाहीत.

"उजव्या हाताला…" मी म्हटलं आणि थांबले. डाव्याची ट्यूब उजव्याला लावा, असं मी सुचवणं नियमात बसत नव्हतं. पण बाकीचे पेशंट हे गुपचूप करत होते, हे मला त्यांच्या ट्यूबांवरून कळायचं. एका हाताची ट्यूब पार पिळून चपटी, दुसऱ्याची गरगरीत. मावशींच्या दोन्ही ट्यूब सारख्याच दबलेल्या होत्या.

माझ्या मनातलं त्यांनी ओळखलं. "न्हाई बाय, मी तसलं न्हाई करनार. डाक्टरसायबांनी मला बजावून सांगितलंय. डाव्याचं मलम उजव्याला लागलं तर डावा बी सडंल. मंग दोन्ही हात गेल्यावर मी काय करू?"

त्या गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. आपण मावशींना असं काही सांगितलंय का, इतकंच. ते तेव्हा हातावर सॅनिटायझर चोळत होते. त्यांचे हात फार सुंदर आहेत, मऊ, एकही डाग नसलेले. बोटांच्या बेचक्यांतून हळूहळू चोळत ते म्हणाले, "अगं, नाहीतर एकानेही ट्यूब वेगळ्या ठेवल्या नसत्या. साधी माणसं आहेत. थोडं धाकात ठेवावं लागतं." मग हात नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला. तो लिंबाचा वास खोलीभर झाला आणि मला मळमळलं. खुर्चीवरचा कोंडा पुसताना कधी इतकं झालं नव्हतं.

घरी जाऊन मी दोनदा साबणाने हात धुतले, कशासाठी ते माहीत नसताना.

तर कचोरीच्या त्या सकाळी मी बाहेर आले तेव्हा बाकावर मावशींच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. माणसं उभी होती पण तिथे कुणी बसत नव्हतं. उजव्या हातावर त्यांनी ब्रेडची प्लास्टिकची पिशवी चढवून मनगटाला रबर लावलं होतं. समोर गळाभर नायटा असलेली एक बाई पदर नाकाला लावून बसली होती. कंगवेवाले गृहस्थसुद्धा तोंड फिरवून उभे होते. रिसेप्शनच्या ताईंनी रूम फ्रेशनर मारला. मोगऱ्याचा वास आणि त्याखालचा हाताचा, कुजल्यासारखा. दोन्ही वास एकमेकांत मिसळले आणि एकटा होता त्यापेक्षा तो वास जास्त वाईट झाला.

"चल बाय, काढ फोटू," मावशी उठल्या. "हितल्या लोकास्नी जरा जेवन जाऊ दे."

आतल्या खोलीत मी रबर काढलं. पिशवीला आतून थेंब धरले होते. हात मनगटापर्यंत सुजला होता, कातडी ताणून चकाकत होती आणि मधल्या दोन बोटांच्या मध्ये पू होता. माझ्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी नाकाने श्वास घेणं बंद केलं. फोटोसाठी हात काळ्या कापडावर ठेवला, तर उचलताना कापड हाताबरोबर वर आलं.

"तोंड फिरीव पोरी," त्या म्हणाल्या. "मला राग न्हाई येत. सून तर ताट लांबनं ढकलती. तिचं बी बरोबर हाय, घरात ल्हान लेकरू हाय."

"दुखतं का?"

"रातभर ठणकतंय. आन हे बग, काखंत अवधान आलंय." त्यांनी माझा हातमोज्यातला हात धरून सरळ काखेत नेला. पोलक्यावरूनसुद्धा ती गाठ लागली. सुपारीएवढी, गरम. मी हात काढून घेतला नाही, घ्यावासा वाटत होता तरी.

"भाकर डाव्यानं खाते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. चेष्टेचा सूर गेला होता. "पयल्यांदा घास तोंडाशी नेला आन भडाभडा वकले. माझाच हात. तुमच्या आवशिदानं सोन्यावानी झालेला. आन मलाच त्याची शिसारी."

काखेतल्या गाठीचा अर्थ मला माहीत होता. जंतू हातातून वर सरकले होते, आणि असा हात उपचाराविना ठेवायचा नसतो. अभ्यासाच्या कागदांतही तेच आहे: जखम चिघळली तर डॉक्टरांनी पेशंटला अभ्यासातून काढून नेहमीचे उपचार द्यायचे. आणि पेशंट स्वतः तर केव्हाही, कारण न देता, बाहेर पडू शकतो. पण मावशी आज बाहेर पडल्या तर शेवटचा फोटो होणार नव्हता आणि शेवटच्या फोटोशिवाय ती बेस्ट जोडी कंपनीच्या कामाची नव्हती.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी हाताला हात लावला नाही. पेनच्या टोकाने बोटं वेगळी करून पाहिली आणि पेन टिश्यूत गुंडाळून टोपलीत टाकलं.

"डावा बघ काय झालाय, मावशी! हिरोइनसारखा," ते म्हणाले. "उजव्याचं थोडं राहिलंय. पुढच्या भेटीला एक शेवटचा फोटो घेऊ, मग त्यालाही पॉवरफुल औषध देतो. तोवर मीठ-पाण्यात बुडव."

कंपनीचा माणूस कोपऱ्यात उभा होता. त्याने इंग्रजीत विचारलं की पू लिहायचा का. डॉक्टर इंग्रजीतच म्हणाले, पू लिहिला तर ती बाद होईल, किंचित सूज लिहू. दोघेही अगदी सहज, चहात साखर किती, हे विचारावं तसे बोलत होते. मावशी एकदा ह्याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. आपल्याच हाताचं चाललंय एवढं त्यांना कळत होतं. मला सगळं कळत होतं. माझ्यासमोर असं बोलायला त्या दोघांना काही वाटलं नाही, कारण मी त्यांच्यातली होते. हे लक्षात आलं तेव्हा माझ्याच अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं.

"सायेब," मावशी म्हणाल्या, "आज रातच्याला डाव्याचं यवडुसं लावलं तर न्हाई चालायचं? लई ठणकतंय."

"सांगितलंय ना तुला? डावापण घालवायचाय का?"

मावशींनी चटकन डावा हात मागे ओढला आणि पदराखाली घेतला. उजवा टेबलावर एकटा राहिला, पिशवीतून काढलेला, ओला. "न्हाई, न्हाई," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. काढते की तवर कळ."

डॉक्टर हात धुवायला वळले. कंपनीच्या माणसाने मला मानेने खूण केली, यांना बाहेर ने.

मी नेलं नाही. वाक्य कुठून सुरू करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून शेवटाकडूनच सुरू केलं.

"मावशी, डावा हात जाणार नाही. ते खोटं आहे. उजव्यात पू झालाय, काखेपर्यंत गेलाय, त्याला आजच्या आज गोळ्या लागतात, मीठ-पाणी नाही. तुम्ही फक्त म्हणा, मला ह्या अभ्यासात राहायचं नाही. एवढं म्हटलं की सरांना तुम्हाला आत्ता औषध द्यावंच लागतं. नाही दिलं तर मी तुम्हाला रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेते. म्हणा, मावशी."