दत्तारामच्या पावडरी आणि माझा अकारादी क्रम

दत्तारामने मला बारा वर्षांत एकदाही गरम चहा पिऊ दिला नाही.

ही तक्रार मी आज जाहीरपणे नोंदवतो. कप तोंडाशी नेला की हा म्हणायचा, "मास्तर, ऐका." ऐकून होईपर्यंत चहावर साय.

आज सकाळी तो गेला.

विठ्ठलवाडीला आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. तिकडे तो आणि वहिनी, इकडे मी एकटा. दिवसभरातलं माझं बोलणं म्हणजे बहुतेक त्याच्याशीच.

अंबरनाथला काडतुसांच्या कारखान्यात तो लॅबमध्ये होता. पिस्तुलाच्या काडतुसातली पावडर किती वेगाने जळते, ते मोजायचं. आयुष्यभर तेच.

पुढे त्या पावडरी बंद झाल्या, रेकॉर्ड रद्दीत गेलं. कुठली कुठल्यापेक्षा जलद, हे फक्त याच्या डोक्यात राहिलं.

काडतुसं पुन्हा भरणारे जुने परवानेवाले नेमबाज त्याला फोन करायचे. अमुक पावडर मिळत नाही, तिच्या जवळची कोणती?

"जवळची म्हणजे तीच नव्हे हो! मी मास्तरांच्या शेजारी राहतो, म्हणून संस्कृत शिकवू का?"

मी इकडून ओरडायचो, "शिकव. पोरं पास तरी होतील."

गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, "तुमचं अक्षर चांगलंय. लिहून घ्या. मी गेलो की संपलं."

सगळ्यात जलद पावडरीपासून तो रोज दोन-तीन नावं सांगायचा. मी एका चिठ्ठीवर एक नाव लिहायचो. पाठशाळेत शब्दकोशाच्या कामात लागलेली शिस्त.

चिठ्ठ्यांवर नंबर घालावेत, हे काही त्या शिस्तीत नव्हतं.

शेवटी मी त्या मोठ्या प्रेमाने लावल्या. अकारादी क्रमाने. मग एका कागदावर उतरवल्या, वर सुबक मथळा: जलद ते मंद.

दत्तारामने कागद पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"मास्तर, हे काय, शाळेचं हजेरीपत्रक?"

हसता हसता त्याला ठसका लागला. वहिनी पाणी घेऊन धावल्या. "भावजी, काय केलंत ओ?"

"माझी सगळ्यात जलद पावडर तळाला बसवली! मंद समजून कुणी जास्त भरली तर पिस्तूल हातात फुटेल."

हे म्हणताना तो हसत नव्हता.

मग माझा चेहरा बघून म्हणाला, "जाऊ द्या. दिवाळीनंतर पुन्हा बसू. पहिल्यापासून."

दिवाळीनंतर त्याचं हॉस्पिटल सुरू झालं. मी डबा घेऊन जायचो. पावडरीचा विषय काढायचा धीर झाला नाही. काढला असता तर तो शेवटचं सांगतोय असं झालं असतं.

आज त्याच्या घरी माणसं आहेत, रडणं आहे. तरी मला सगळीकडे शांत वाटतंय.

दत्ताराम, तुझ्यासारखा शेजारी पुन्हा मिळायचा नाही. सांभाळून जा रे.

आता मित्रांना एक विनंती.

दत्तारामला दाखवायच्या आधीच मी त्या कागदाचा फोटो बदलापूरच्या एका नेमबाजाला पाठवला होता. कौतुकाने. त्याने तो ग्रुपवर टाकला. नंतर म्हणाला, "डिलीट केला, सर." तोवर कुठे कुठे गेला, त्यालाही माहीत नाही.

कुणाकडे असेल तर पुसून टाका. अक्षर माझं आहे, क्रम चुकीचा आहे.

खरा क्रम मला आठवत नाही. आणि फोटोचं मी दत्तारामला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माझ्या सुंदर अक्षरावर विश्वास ठेवून कुणाचा तरी हात जाईल, याची मला भीती वाटते.